सत्त्या दोनच असतात

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते; म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की लपवलं. आई म्हणायची, या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो, शिंकली तरी खाली पडेल. वडील काही म्हणायचे नाहीत, कारण तो त्यांच्याचकडून माझ्याकडं आला होता. आमचं घराणं तीन पिढ्या हैदराबादेत, सगळं कोर्टकचेरीतलं. चिक्कडपल्लीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, आणि त्या तीन खोल्यांत माणसंही तीनच. आई, वडील आणि मी.

तीन माणसं, म्हणून आमच्या घरी पत्त्यांचा खेळही एकच. पाच-तीन-दोन. रविवारी जेवणं उरकली की सतरंजी पसरायची, पंखा पाचवर करायचा आणि चारपर्यंत भांडायचं. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना सांगते. तिघांना दहा-दहा पानं लागतात, म्हणजे तीस. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारी रंगांची घेतली तर अठ्ठावीस होतात. दोन कमी पडतात, म्हणून बदामाची सत्ती आणि इस्पिकाची सत्ती घ्यायची. उरलेली बावीस पानं बाजूला. आमच्याकडं बाजूला म्हणजे कायमचीच बाजूला. ती मला कळायला लागायच्या आधीच आईच्या शिवणाच्या डब्यात गेली होती, आणि आईनं त्यांच्यावर रंगीत दोरे गुंडाळून ठेवले होते. तेव्हा माझा जन्म झाल्यापासून आमच्या घरात सत्त्या दोनच.

एवढं लक्षात ठेवा. बाकी मी सांगते.

दहावीनंतर मी इंटरला गेले. इंटर म्हणजे तिकडच्या महाराष्ट्रातली अकरावी-बारावी. आमच्याकडं गणिताचे दर वर्षी दोन पेपर, पंच्याहत्तर मार्कांचे, सव्वीसला पास. पहिल्या वर्षी वन-ए आणि वन-बी, दुसऱ्या वर्षी टू-ए आणि टू-बी. फंक्शन वन-एमध्ये, डिफरन्सिएशन वन-बीमध्ये, प्रॉबॅबिलिटी टू-एमध्ये आणि इंटिग्रेशन टू-बीमध्ये. काचीगुड्याच्या एका गल्लीत तीन मजली कॉलेज, खाली टिफिन सेंटर, आणि गणिताच्या तासाला हमखास सांबाराला फोडणी. अजून कुठं मोहरी तडतडली की मला लिमिट्स आठवतात.

गणिताचे सर साठीच्या पुढचे, तेलुगू. तेलुगूत सुरुवात करायचे, इंग्रजीत मध्याला यायचे आणि रागावले की उर्दूत शेवट करायचे. त्यांचा एक रिवाज होता. ते स्वतः नोट्स द्यायचे नाहीत. फळ्यावर प्रश्न लिहायचे, जो पहिल्यांदा बरोबर सोडवेल त्याचं उत्तर ‘फेअर नोटबुक’मध्ये जायचं. ती वही एकच, साऱ्या सेक्शनची. ती लिहायचं काम एकाच पोराकडं किंवा पोरीकडं असायचं, आणि दर शनिवारी सर तपासून सही करायचे. मग ती वही शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं जायची आणि ऐंशी पोरं तिच्या प्रती घ्यायची. पुढं पुढं पीडीएफ करून ग्रुपवरही टाकायला लागले.

दोन्ही वर्षं ती वही माझ्याकडं होती. माझं अक्षर मोत्यासारखं, असं सारेच म्हणायचे. मीही म्हणायचे. दुसऱ्या वर्षी तर सरांनी तपासणंही सोडून दिलं. एका शनिवारी वही पुढं केली, तर न उघडताच सही करून म्हणाले, “तुझं काय बघायचं?” मी त्या दिवशी घरी चालत नाही, उडत गेले.

आता माझी मैत्रीण. ती बोधनकडच्या शेतकरी घरातली, मराठीच, पण दहावीपर्यंत तेलुगू मीडियमला शिकलेली. वडिलांनी गावची जमीन भावाकडं सोपवून काचीगुड्यात नळ, पाइप आणि टाक्यांचं दुकान टाकलं होतं आणि दुकानाच्या वरच घर. कॉलेजात ती मागून दुसऱ्या बाकावर बसायची आणि एक अक्षर बोलायची नाही. पहिल्या वर्षी वन-एला उडाली, म्हणजे नापास. मे महिन्यात सप्लिमेंटरी परीक्षा होती. सरांनी मला बोलावून सांगितलं, “तुम्ही दोघी एका भाषेच्या. तू बोल हिच्याशी.”

तिच्या वडिलांनी तेव्हाच निकाल देऊन टाकला होता. ती मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाजही हलला नाही. सप्लिमेंटरीत सुटली तर ठीक. पुढच्या वर्षी एक जरी पेपर गेला तर शिक्षण बंद, गावी काकाकडं जायचं आणि स्थळ बघायचं. “तुला पुढं काय करायचंय?” मी विचारलं. ती म्हणाली, “ते ठाऊक नाही. पण गावी जायचं नाही.” मला ते फार आवडलं. आमच्या वर्गातल्या ऐंशी पोरांना इंजिनियर व्हायचं होतं, कारण घरच्यांनी सांगितलं होतं. हिला निदान काय नको ते स्वतःचं ठाऊक होतं.

मग शिकवणी सुरू झाली, कधी आमच्याकडं, कधी तिच्या दुकानात मागच्या बाजूला पाइपांच्या गठ्ठ्यावर बसून. पहिल्याच दिवशी फंक्शनवर अडलं. मी तोंडपाठ सांगितलं, एका गटातल्या प्रत्येकाला दुसऱ्या गटातला एक आणि एकच. ती नुसती बघत राहिली. मग मी म्हटलं, हे बघ, दुकानातल्या प्रत्येक वस्तूला एक भाव असतो की नाही? दोन वस्तूंचा भाव सारखा असला तर चालतो. पण एकाच वस्तूला दोन भाव चालत नाहीत.

“असतात की,” ती म्हणाली.

“कसे असतील?”

“ओळखीच्या गिऱ्हाइकाला वेगळा, अनोळख्याला वेगळा.”

“मग ते फंक्शन नाही!”

ती जरा विचार करून म्हणाली, “मग आमचं दुकान फंक्शन नाही.”

पुढं बसलेले तिचे वडील खो-खो हसले. मला आधी राग आला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हिला फंक्शन समजलंय. माझ्यापेक्षा बरं समजलंय. मला नुसती व्याख्या येत होती.

ती हळू होती, पण बिनडोक नव्हती. हे मला तेव्हा दिसत होतं आणि दिसत नव्हतंही. शंकूच्या टाकीचं गणित आलं तेव्हाची गोष्ट. टाकीत मिनिटाला अमुक पाणी पडतं, तर पाण्याची उंची कोणत्या वेगानं वाढते? मी सूत्र लिहायला घेतलं तर ती म्हणाली, “खाली निमुळती आहे, म्हणजे आधी भराभर चढेल, मग हळू हळू. आणि असली टाकी कोण घेतं गं? एवढ्या उंचीवर ठेवणार कशी?” आधी भराभर, मग हळू. सारं डिफरन्सिएशन तिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. आणि मी काय म्हटलं? “फालतू बोलू नको, लिही.”

मी अशीच शिकवायचे. चौथ्यांदा तीच चूक झाली की पेन आपटायचे. “पालथ्या घड्यावर पाणी!” म्हणायचे. एकदा तर तिची पट्टी दोन तुकडे केली, आणि दुसऱ्या दिवशी नवी आणून दिली. ती काही बोलायची नाही, मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सोडवायची. मला वाटायचं, किती गुणाची पोर. माझा रागही कसा निमूट घेते. मनापासून सांगते, माझा तिच्यावर फार जीव होता. ती सप्लिमेंटरीत वन-ए सुटली त्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या निकालाला नाचले नव्हते एवढी नाचले.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत प्रॉबॅबिलिटी आली. पुस्तकात एक नेहमीचं गणित आहे. बावन्न पानांतून एक पान काढलं, ते एक्का किंवा इस्पिक असण्याची शक्यता किती? सर म्हणाले, “एक्का सगळे पाठ करून येतात. आपण सत्ती धरू.” आणि फळ्यावर लिहिलं: सत्ती किंवा इस्पिक.

मला पत्ते यायचे! अर्ध्या वर्गाच्या घरी पत्त्यांना हात लावू देत नाहीत, पोरं इस्पिक म्हणजे काय म्हणून एकमेकांकडं बघायची. मी मिनिटात सोडवलं. सत्त्या दोन. इस्पिकं तेरा. इस्पिकाची सत्ती दोन्हीकडं मोजली गेली, म्हणून एक वजा. चौदा. बावन्नात चौदा, म्हणजे सव्विसात सात. सर त्या वेळी दारात कुणाशी बोलत उभे होते. घंटा झाली. मी वहीत सुरेख अक्षरात उतरवलं, पान एक्केचाळीस, वर चारी रंगांची छोटी चित्रंसुद्धा काढली. शनिवारी सही झाली. सोमवारी ऐंशी प्रती.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हुशार पोरगी आणि हिला एवढं कळू नये? बावन्न भागिले चार तेरा, हे मला येत नव्हतं का? येत होतं. त्याच गणितात इस्पिकाची तेरा पानं मीच धरली होती. पण सत्ती म्हटलं की माझं डोकं पुस्तकात जायचं नाही, सतरंजीवर जायचं. सत्त्या किती हे मोजायची गोष्टच नव्हती. आपल्या घरात माणसं किती हे कुणी मोजतं का?

आणि वर्गात कुणी बोललं कसं नाही? ज्यांना पत्ते येत नव्हते त्यांचा माझ्यावर भरवसा होता. ज्यांना येत होते ते नोट्स वाचतच नव्हते. ते मागच्या बाकावर पत्ते खेळत होते.

बोलली फक्त एक. तिच्या घरी पत्त्याचं पान आलं असतं तर वडिलांनी ते चुलीत घातलं असतं, तिनं आयुष्यात पत्ते पाहिलेले नव्हते. आमच्या घरी बसून मी तिला पान एक्केचाळीस समजावत होते. तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “सत्त्या दोनच कशा? रंग तर—”

“पत्ते तुझ्या घरी खेळतात की माझ्या?”

तिनं बोट मागं घेतलं.

“सत्त्या दोनच असतात,” मी म्हटलं. “लिहून घे.”

तिनं लिहून घेतलं.

मार्चमध्ये परीक्षा. आमच्याकडं परीक्षेला मिनिटाचाही उशीर चालत नाही, म्हणून आम्ही दोघी मेट्रोच्या खांबांखालून धावतपळत तासभर आधी पोचलो. टू-एचा पेपर हातात आला, आणि चार मार्कांच्या प्रश्नांत बघते तो काय, सत्ती किंवा इस्पिक! सरांनी धरलं आणि बोर्डालाही तेच सुचलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पाच मिनिटांत लिहून मोकळी झाले.

बाहेर आल्याबरोबर मी तिला गाठलं. “आला ना आपला?”

“हौ, आला.”

“लिहिलास?”

“लिहिला.”

मग गेटजवळच्या सावलीत उभं राहून तिनं प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलीनं मार्क मांडले. हा पुरा, याचे दोन, हा सोडला. बेरीज तीस झाली. सव्वीसला पास! चार मार्क वर! मी तिला भर रस्त्यात मिठी मारली. आता फक्त टू-बी, मधे दोन दिवस, आणि तिचं इंटिग्रेशन अजून अर्धं कच्चं होतं. उद्या सकाळी दुकानात येते म्हणून मी घरी गेले.

घरी नांदेडहून मामा आलेला. मामा म्हणजे हात सारखे शिवशिवणारा माणूस. गाडीत वेळ जायला पत्त्यांचा नवा कोरा जोड विकत घेतला होता, तो त्यानं पिशवीतून काढला. “आता चौघं झालो. मेंढीकोट होऊन जाऊ दे.” आई म्हणाली, अजून एक पेपर आहे तिचा. मामा म्हणाला, अर्धा तास. मी खुशीत होते, बसले. मेंढीकोटाला सारी बावन्न पानं लागतात, तेरा-तेरा प्रत्येकाला. असा खेळ आमच्या घरी मी कधी खेळलेच नव्हते.

मी पानं लावत होते. किलवराची सत्ती. ती मी पुढं ठेवली. मग चौकटाची सत्ती. मी दोन्ही पानांकडं बघत राहिले. अरे, या कोण? तेवढ्यात आईनं पहिल्याच हाताला बदामाची सत्ती टाकली.

माझ्या हातातली सारी पानं सतरंजीवर पडली.

“अगं, पानं दाखवतेस काय!” मामा ओरडला.

“मामा, सत्त्या किती असतात?”

“चार. का?” मामा हसला. “तुमच्या हैदराबादेत किती असतात?”

मी उठून आत गेले आणि शिवणाचा डबा पालथा केला. हिरव्या दोऱ्याखाली चौकटाची सत्ती. काळ्या दोऱ्याखाली किलवराची. सतरा वर्षं तिथंच होत्या. आई दारात येऊन उभी राहिली, तिला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी सांगितलं तेव्हा आधी हसायला लागली. मग मैत्रिणीचं नाव घेतलं मी, तशी हसायची थांबली. आईला तिच्या वडिलांची अट ठाऊक होती.

तीसमधून चार गेले की सव्वीस. काठावर. आणि ती बेरीज तिची, पेन्सिलीची. एखाद्या उत्तरात एक पायरी सुटली असेल, एक चिन्ह चुकलं असेल, की पंचवीस. माझे चार गेले तर माझं काय जाणार होतं? पंच्याहत्तरचे एकाहत्तर. तिचं सारंच जाणार होतं. आणि तिनं विचारलं होतं. पत्ते न पाहिलेल्या पोरीनं बोट ठेवून विचारलं होतं, आणि मी तिचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: पान एक्केचाळीस चूक आहे, सत्त्या चार असतात, चूक माझी. कुणी रडणारी तोंडं पाठवली, कुणी शिव्या दिल्या, एकानं लिहिलं, “लाइट लो, टेन्शन नको, मी तो प्रश्न सोडलाच होता.” तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “सही माझी आहे.” मला वाटलं होतं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

रात्रभर मी एकच ठरवत होते. निकालाची वाट बघायची नाही. आधीच जाऊन तिच्या वडिलांना सांगायचं. सकाळी नऊला मी दुकानासमोर उभी. ते पाइपाला आटे पाडत होते. मला बघून म्हणाले, “ये बाई. पोरगी वर आहे, हाक मार.”

“काका, मला तुमच्याशीच बोलायचंय.” आणि मी सुरू झाले. नोटबुक, सत्त्या, ऐंशी प्रती, चार मार्क. मधेच माझा आवाज चढला, कारण मला नीट माफी मागता येत नाही, मी माफीही भांडल्यासारखीच मागते. “ती नापास झाली तर ती झालेली नसेल, मी केलेली असेल! तिला काही बोलायचं नाही! गावी पाठवायचं असेल तर मला पाठवा!”

काकांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. “तू काय सांगायलीस ते समजलं मला,” ते म्हणाले. “तू खरं बोलायलीस, चांगलं केलंस. पण नापास म्हणजे नापास, बाई. कुणाच्या चुकीनं झाली ते मार्कांच्या मेमोवर लिहून येत नाही.”

मी पुन्हा भांडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, हातात इंटिग्रेशनची वही. कधीपासून उभी होती कोण जाणे.

“मी चारच धरल्या होत्या,” ती म्हणाली.

“काय?”

“सत्त्या. चार धरल्या. चार अधिक तेरा वजा एक. सोळा. तेरात चार आलं उत्तर.”

मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, “मला पत्ते येत नाहीत ना. म्हणून वहीत चार रांगा काढल्या आणि एकेका रांगेत तेरा खाने. प्रत्येक रांगेत सात आलाच.” तिनं वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. पट्टीनं आखलेल्या चार रांगा, बावन्न चौकोन, आणि सातचे चार चौकोन पेन्सिलीनं गिरवलेले. खाली तारीख होती. जानेवारीतली. मी तिला गप्प केलं त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

आणि मला काय झालं सांगू? राग आला. जीव भांड्यात पडायच्या ऐवजी आधी राग आला. “मग मला सांगितलं का नाहीस? मी चुकीचं लिहून आले! साऱ्या वर्गाला चुकीचं दिलं! दोन महिने तू—”

“सांगायला आले होते,” ती म्हणाली. “तुझ्या घरी. जिन्यापर्यंत आले. तू वर काकूंवर ओरडत होतीस, कशावरनं ठाऊक नाही. मी परत गेले.”

“मग दुसऱ्या दिवशी सांगायचं!”

ती वडिलांकडं बघत नव्हती, माझ्याकडंही बघत नव्हती. वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत म्हणाली, “इंटिग्रेशन सारं राहिलं होतं. तू चिडून बसली असतीस तर मला कुणी शिकवलं असतं?”

काकांनी पाइप उचलला आणि उगाच त्याच्याकडं बघत बसले.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी इतके दिवस समजत होते की ही माझा राग निमूट घेते कारण ही गरीब स्वभावाची आहे. तसं काही नव्हतं. ती माझ्या रागाचा हिशेब धरून चालत होती, जसा आपण दुपारच्या उन्हाचा धरतो. तिला पास व्हायचं होतं. त्याच्यासाठी मी लागत होते, आणि मी हवी असेल तर मला माझी चूक सांगून चालणार नव्हतं. लाज वाटली मला. फार लाज वाटली. आणि तिच्याबद्दल एवढी माया दाटून आली की मी तिथंच पाइपांच्या गठ्ठ्यावर बसले आणि रडले. काका घाईघाईनं चहा सांगायला बाहेर गेले.

ती शेजारी येऊन बसली. वही उघडून म्हणाली, “आज इंटिग्रेशनमधलं पार्ट्स करायचंय ना?”

दोन दिवस आम्ही त्या गठ्ठ्यावर बसून इंटिग्रेशन केलं. मी पेन आपटला नाही. दोनदा वर उचलला होता, पण खाली ठेवला. ती प्रश्न विचारायची, मधे थांबायची, शब्द शोधायची, आणि मी हाताच्या मुठी आवळून तिचं वाक्य पुरं होण्याची वाट बघायचे. तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की तिचे प्रश्न इतके लांब असतात. आणि इतके चांगले असतात.

निकाल एप्रिलच्या शेवटी लागला. तिच्या वडिलांच्या फोनवर बघायचा म्हणून आम्ही दुकानाबाहेर उन्हात उभ्या होतो. निकालाचं पान उघडेना. काका सारखे म्हणत होते, जल्दी काय आहे, उघडेल. आणि स्वतःच सारखे बोट दाबत होते. मग उघडलं. आधी तिचा. टू-ए बत्तीस. टू-बी एकोणतीस. खाली पास.

काकांनी फोन तिच्या हातात दिला, दुकानात गेले आणि आलेल्या गिऱ्हाइकाला, ओळख ना पाळख, ओळखीच्या भावात नळ देऊन टाकला.

मी उड्या मारत होते. ती मात्र जागची हलली नाही. फोनवर माझा परीक्षेचा नंबर घालत होती.

“तुझं बघू दे,” ती म्हणाली.

टू-बी पंच्याहत्तर. टू-ए एकाहत्तर.

तिनं ते दोनदा वाचलं. आणि ही पोर, जी नापास झाली तेव्हा रडली नव्हती, गावी पाठवणार म्हणाले तेव्हा रडली नव्हती, पास झाल्यावरही रडली नव्हती, ती तोंडावर ओढणी घेऊन हुंदके द्यायला लागली. “तुझे चार गेले. माझ्यामुळं गेले. मी त्या दिवशी जिना चढायला पाहिजे होता.”

“वेडी आहेस का तू!” मी भर काचीगुड्यात ओरडले, एवढ्या जोरात की समोरचा ऑटोवाला वळून बघायला लागला. “तुझ्यामुळं? तुझ्यामुळं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पुन्हा बोललीस तर बघ!”

तिनं ओढणी खाली केली. नाक पुसलं आणि रडता रडता हसली.

“बघ,” ती म्हणाली, “चिडलीस.”